रीस्टार्टच्या आधी पंचनामा

वाचकांचे प्रश्न : डेटाबेस

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राचं बिलिंग सॉफ्टवेअर मी लिहिलं आहे आणि मीच सांभाळतो. भाषा जावा, डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल. २०१२ पासूनचा सगळा डेटा एकाच ठिकाणी आहे. खाती साधारण ९ हजार, बिलं ९ लाख, बिलांतल्या ओळी ४६ लाख. सर्व्हर म्हणजे काउंटरखाली ठेवलेला पीसी, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. तीन काउंटर आहेत, प्रत्येकावर प्रोग्रामची स्वतःची जोडणी. अडचण 'खाते उतारा' या बटणाची. एरवी उतारा लगेच येतो, पण कधी कधी ४०-५० सेकंद लागतात. सकाळी दुकान उघडल्यावर हमखास रखडतो. दिवसा एका काउंटरवर पाच-सहा सेकंदांत आलेला उतारा शेजारच्या काउंटरवर पाऊण मिनिट घेतो, खातं तेच. रोखीच्या गिऱ्हाइकांसाठी 'रोख विक्री' असं एकच खातं आहे, तिसरा हिस्सा बिलं त्याच्यावरच. माल परत घेताना तेही उघडावं लागतं. तीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पीजीॲडमिन या डेटाबेस हाताळायच्या प्रोग्राममध्ये टाकली की कधीच इतकी रखडत नाही. अधूनमधून तर बिलच सेव्ह होत नाही, सगळी रांग खोळंबते. मग मी सगळं रीस्टार्ट करतो, तासभर बरं चालतं. चार इंडेक्स (शोधसूच्या) वाढवले, फरक नाही. मालक दीड लाखाचा सर्व्हर घ्यायचं म्हणतात. घ्यावा का? द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, म्हणजे गर्दीचा हंगाम, तोंडावर आली आहे.

उत्तर : सर्व्हर आत्ता घेऊ नका. खर्च करायची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी करा, आणि तेव्हाही बहुधा डिस्क बदलून भागेल.

तुम्ही एक तक्रार लिहिली आहे, पण मला त्यात तीन वेगळी दुखणी दिसतात. सकाळचं रखडणं एक, दोन काउंटरांमधला फरक दुसरं, आणि बिल सेव्ह न होणं अगदीच निराळं. रीस्टार्टनं यातली दोन तात्पुरती बरी होतात आणि पहिलं उलट वाढतं. तरी रांगेत उभ्या माणसाला 'मशीन अडकलं' एवढंच दिसतं, म्हणून आपणही तिन्हींना एकच नाव देऊन टाकतो.

उपायांच्या आधी एक कळकळीचं सांगणं : अडकलेलं मशीन लगेच रीस्टार्ट करू नका. गारपिटीनंतर पंचनामा होण्याआधीच बागेतले पडलेले घड कुणी उचलून टाकले, तर नुकसानीची नोंद कशावरून करायची? रीस्टार्ट म्हणजे तेच. कोण कुणासाठी थांबलं होतं, डिस्क वाचत होती की प्रोसेसर राबत होता, कोणता प्लॅन चालू होता, हा सगळा पुरावा त्या एका बटणासरशी जातो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसचं काम माझ्याकडे होतं. फेब्रुवारीचं ऊन, फाटकाबाहेर क्रेटनी भरलेल्या पिकअपची रांग, आणि वजनकाट्याच्या खिडकीत पावती निघत नाही. तीन आठवडे मी रोज फोनवरून रीस्टार्ट करायला सांगत राहिले. शेवटी मीच त्यांना नवा सर्व्हर घ्या म्हणाले. त्यांनी घेतला, आणि तिसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. तो खर्च माझ्या शब्दावर झाला होता, हे मी विसरलेले नाही. त्यानंतर मी वही आणि घड्याळ घेऊन दोन दिवस त्या खिडकीत बसले. कोणती पावती, कोणतं बटण, किती सेकंद, तेव्हा दुसऱ्या खिडकीत काय चाललं होतं, सगळं लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहीतच उत्तर दिसायला लागलं. हळू चालणाऱ्या प्रत्येक नोंदीसमोर एकाच मोठ्या बागायतदाराचं खातं होतं.

तुम्हीही तेच करा, फक्त वहीबरोबर डेटाबेसलाही विचारा. एका मशीनवर पीजीॲडमिनची खिडकी आधीच जोडून ठेवा. अडकलं की 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' हा व्ह्यू पाहा. त्यात प्रत्येक जोडणी काय करते आहे आणि कशासाठी थांबली आहे ते असतं. 'वेट इव्हेंट टाइप' या रकान्यात 'लॉक' दिसलं तर ती जोडणी दुसऱ्या कुणाची वाट पाहते आहे. 'आयओ' दिसलं तर डिस्कची. स्थिती 'ॲक्टिव्ह' आहे आणि हा रकाना रिकामा आहे, तर प्रोसेसर खरोखर कामात आहे. दर दोन-तीन सेकंदांनी पाच-सहा वेळा पाहा, एका नजरेवर निकाल देऊ नका. तुमची तीन दुखणी इथेच एकमेकांपासून सुटी होतील.

सोबत 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे एक्स्टेन्शन चालू करा. त्यात सरासरीपेक्षा कमाल वेळ आणि प्रमाण विचलन बघा. हजार उताऱ्यांपैकी ९९० उतारे १० मिलिसेकंदांत आले आणि १० उताऱ्यांना ४५ सेकंद लागले, तर सरासरी अर्धा सेकंदही भरत नाही. कागदावर सगळं उत्तम, आणि रांगेत दहा माणसं चिडलेली.

आता मुख्य दुखण्याकडे. तुमच्या पत्रात दोन वाक्यं फार मोलाची आहेत : पीजीॲडमिनमध्ये तीच क्वेरी रखडत नाही, आणि तिसरा हिस्सा बिलं एकाच खात्यावर आहेत.

क्वेरी चालवण्याआधी पोस्टग्रेस तिचा प्लॅन ठरवतो. इंडेक्सनं जायचं की टेबल सरसकट वाचायचं, दोन टेबलं कोणत्या रीतीनं जोडायची, हे सगळं तो खर्चाचा अंदाज बांधून ठरवतो. ही पद्धत १९७९ मध्ये आयबीएमच्या 'सिस्टम आर' प्रकल्पातल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, आणि आजही बहुतेक रिलेशनल डेटाबेस त्याच वाटेनं जातात. त्या मांडणीत एक साधा भागाकार होता : एकूण ओळी भागिले वेगवेगळी मूल्यं. म्हणजे माल सगळ्यांत सारखा वाटला गेला आहे असं धरून चालायचं. पोस्टग्रेस पुढे गेला आहे, तो कोणती मूल्यं वारंवार येतात याची यादी ठेवतो आणि नेमकं मूल्य समोर असेल तर त्या यादीत बघतो. पण मूल्य समोर नसेल तर तो पुन्हा त्या भागाकारावरच येतो. ९ लाख बिलं, ९ हजार खाती, म्हणजे खात्यामागे १०० बिलं.

द्राक्षवाल्या साध्या शेतकऱ्याच्या खात्याला हा आकडा चालून जातो. 'रोख विक्री'वर मात्र ३ लाख बिलं आहेत. शंभर बिलांसाठी आखलेला प्लॅन असा असतो : एक बिल घे, त्याच्या ओळी इंडेक्सनं शोध, पुढचं बिल घे. शंभर वेळा हे झटपट होतं. तीन लाख वेळा, तेही साध्या डिस्कवर, तुमचे ४५ सेकंद तिथे जातात. खरा आकडा ठाऊक असता तर त्यानं दोन्ही टेबलं सलग वाचून हॅश जोडणी केली असती, म्हणजे एका टेबलाची यादी मेमरीत बनवून दुसरं तिच्याशी जुळवलं असतं. तुमचे 'पाच-सहा सेकंद' ते हेच.

मग मूल्य समोर नसतं कधी? पीजीॲडमिनमध्ये तुम्ही खाते क्रमांक हातानं लिहिता, तिथे ते असतंच. जावातून जाताना क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणून जाते, म्हणजे मूल्याची जागा मोकळी ठेवून. जावाला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर तीच क्वेरी पाचव्यांदा आली की ती सर्व्हरवर त्या जोडणीपुरती तयार करून ठेवतो. त्यानंतर पोस्टग्रेस पाच वेळा प्रत्येक मूल्यासाठी वेगळा प्लॅन करतो, आणि मग सर्वांना चालेल असा एक सामायिक प्लॅन खर्चात परवडतो का ते तपासतो. परवडला तर तोच वापरू लागतो. तुमच्याकडे तो परवडलेला दिसणारच, कारण अंदाज शंभर बिलांचा आहे. म्हणजे प्रोग्राम सुरू केल्यापासून साधारण दहावा उतारा उघडेपर्यंत सगळं ठीक, नंतर रोख खातं उघडलं की अडकलं. हा हिशेब प्रत्येक जोडणीचा वेगळा असतो. एका काउंटरवर सकाळपासून चाळीस उतारे झालेले असतात, शेजारच्यानं नुकताच प्रोग्राम बंद करून उघडलेला असतो. रीस्टार्टनं तासभर बरं का वाटतं, तेही यातच आलं.

माझ्या शब्दावर जाऊ नका, पडताळून पाहा. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लिहायच्या खिडकीत 'प्रिपेअर'नं ही क्वेरी तयार करा, वेगवेगळ्या साध्या खात्यांवर सहा वेळा चालवा, मग रोख खात्यासाठी 'एक्सप्लेन ॲनालाइझ एक्झिक्यूट' करा. अटीच्या जागी खाते क्रमांकाऐवजी नुसतं डॉलर-एक ($1, म्हणजे मोकळी जागा) दिसलं तर तो सामायिक प्लॅन आहे. त्याच ओळीवर अंदाज शंभराच्या आसपास आणि प्रत्यक्ष आकडा लाखांत दिसेल. कोणताही प्लॅन वाचताना मी आधी याच दोन आकड्यांची जोडी शोधते. जिथे ते शेकडो पटींनी फाटतात, तिथून वरचं सगळं बिघडत जातं.

चालत्या दुकानात हेच पकडायचं तर 'ऑटो एक्सप्लेन' लावा आणि मर्यादा तीन सेकंदांची ठेवा. त्याहून हळू क्वेरीचा प्लॅन आपोआप लॉगमध्ये उतरतो.

तातडीचा उपाय एका ओळीचा आहे. आवृत्ती १२ किंवा पुढची असेल तर प्रोग्राम ज्या युजरनं जोडतो त्याच्यासाठी 'प्लॅन कॅशे मोड' ही सेटिंग 'फोर्स कस्टम प्लॅन' करा. जुनी आवृत्ती असेल तर जेडीबीसीच्या जोडणीत 'प्रिपेअर थ्रेशोल्ड' शून्य करा. दर वेळी प्लॅन नव्यानं करायला लागणारा वेळ तुमच्या दुकानाच्या हिशेबात जाणवणारही नाही.

पण मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण पाच-सहा सेकंदसुद्धा कशासाठी? काउंटरवरच्या मुलाला काय हवं असतं ते बघा. बाटली परत आणलेल्या माणसाचं बिल परवाचं असतं, फार तर मागच्या महिन्यातलं. त्याच्यासाठी आपण २०१२ पासूनची तीन लाख बिलं गोळा करतो आहोत. उतारा उघडताना त्या खात्याची अलीकडची ५० बिलं आणा, खाली 'आणखी दाखवा' ठेवा. त्यासाठी बिलांच्या टेबलावर खाते क्रमांक आणि तारीख, या क्रमानं एकच जोड इंडेक्स करा. क्वेरीत आधी ५० बिलं निवडून घ्या, मगच त्यांच्या ओळी जोडा. आधी जोडून शेवटी ५० कापायला सांगितलंत तर फायदा निसटू शकतो. उधारीची शिल्लक दाखवायला सगळी बिलं लागत असतील, तर वर्षअखेरीची शिल्लक वेगळ्या टेबलात साठवा आणि पुढची बिलं तेवढी मिळवा. खतावणीत मागची बाकी पुढच्या पानावर ओढतात तसंच. हे केल्यावर सामायिक प्लॅन आणि वेगळा प्लॅन यांत फरकच उरत नाही, दोघेही त्याच ५० नोंदींवर जातात.

तुम्ही वाढवलेले चार इंडेक्स हंगामाआधी तपासा. 'पीजी स्टॅट यूजर इंडेक्सेस'मध्ये कोणता किती वेळा वापरला गेला ते दिसतं. महिनाभरात शून्य असेल, आणि तो प्रायमरी की किंवा युनिकचा नसेल, तर काढून टाका. प्रत्येक बिल सेव्ह होताना तो विनाकारण लिहावा लागतो.

बिल सेव्ह न होण्याचा याच्याशी काही संबंध नाही. पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही, त्यामुळे उतारा ओळीच्या लॉकवर अडकत नाही. पण एकाच ओळीवर लिहिणारे दोघे एकमेकांसाठी थांबतात. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, तरी असे प्रोग्राम बरेच पाहिले आहेत, म्हणून सांगते : सेव्ह दाबल्यावर स्टॉक कमी होतो, मग 'बिल छापायचं का?' अशी खिडकी येते, आणि कमिट, म्हणजे बदल पक्के होणं, त्या खिडकीनंतर होतं, असं तर नाही ना? असेल तर चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्री पाऊस झाला आहे. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या भीतीनं सकाळी सातलाच सगळे बागायतदार फवारणीच्या औषधासाठी दारात उभे आहेत, आणि सगळ्यांना हवं आहे तेच मॅन्कोझेब. एका मुलानं बिल केलं, खिडकी तशीच ठेवून तो गोदामातून माल आणायला गेला. मॅन्कोझेबच्या स्टॉकची ओळ त्याच्या नावावर कुलूपबंद. बाकी दोन्ही काउंटर तो परत येईपर्यंत थांबले. कोरड्या दिवशी हे घडत नाही, कारण प्रत्येकाचा माल वेगळा असतो.

अशा वेळी 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'त एक जोडणी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे कमिट न करता स्वस्थ बसलेली, दिसते आणि दुसऱ्या दोन 'लॉक'वर. 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' हे फंक्शन अडवणाऱ्याचा क्रमांक देतं. तेवढीच जोडणी सोडवा, सगळं दुकान रीस्टार्ट करायची गरज नाही. त्या मुलाला त्याचं बिल पुन्हा करावं लागेल, हे मात्र त्याला सांगा. पक्का इलाज एकच, कमिट आधी आणि खिडकी नंतर. माणसाच्या उत्तराची वाट बघत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही. शिवाय 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' एक मिनिटाचा ठेवा.

सकाळच्या रखडण्याचं कारण साधं आहे. रात्री पीसी बंद होतो, सकाळी मेमरी कोरी असते. डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्यांची असेल तर एका फेरीलाच ८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. डेटाबेस डेटा छोट्या पानांत ठेवतो, अशी विखुरलेली तीन हजार पानं आणायची तर दर पानामागे १० मिलिसेकंद धरले तरी अर्धं मिनिट झालं. दुसऱ्यांदा तीच पानं मेमरीत असतात, म्हणून लगेच येतात. 'एक्सप्लेन'मध्ये 'बफर्स' जोडलंत की 'हिट' (मेमरीत सापडलेली पानं) किती आणि 'रीड' (बाहेरून आणलेली) किती ते दिसतं. सकाळी आणि दुपारी एकाच खात्याचे हे आकडे घेऊन शेजारी ठेवा. इथे मात्र मालकांना खर्च करायला सांगा : एक एसएसडी. ती बसवल्यावर 'रँडम पेज कॉस्ट' (विखुरलेलं पान आणायचा धरलेला खर्च) मूळच्या ४ वरून १.१ करा. ४ हा आकडा फिरणाऱ्या डिस्कसाठी आहे. 'शेअर्ड बफर्स' (डेटाबेसनं पानांसाठी राखलेली मेमरी) मूळच्या १२८ एमबीवर राहिले असतील तर २ जीबी करा. पीसी आणि डेटाबेस रात्री चालू ठेवता आले तर त्याहून चांगलं.

आणखी एक. टेबलातल्या साधारण दहा टक्के ओळी बदलल्याशिवाय पोस्टग्रेस अंदाजांसाठीची आपली आकडेवारी स्वतःहून ताजी करत नाही. ४६ लाखांवर म्हणजे ४ लाख ६० हजार ओळी, तुमच्या दुकानात एवढं व्हायला वर्ष लागू शकतं. बिलं आणि ओळी या दोन टेबलांपुरता 'ऑटोव्हॅक्यूम ॲनालाइझ स्केल फॅक्टर' ०.०१ करा, आणि आज रात्रीच एकदा हातानं 'ॲनालाइझ' चालवा.

कामाचा क्रम असा लावा : आज रात्री ॲनालाइझ, उद्या प्लॅनची सेटिंग, या आठवड्यात कमिटची जागा, छाटणी सुरू व्हायच्या आत ५० बिलांचा उतारा. एकाच दिवशी सगळं बदलू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. तरीही अडकलं तर लॉगमधला प्लॅन पाठवा. त्यात शेतकऱ्यांची नावं आणि बाक्या असतील तर आधी पुसा.

प्रश्न : सिन्नर तालुक्यातल्या आमच्या दूध संकलन केंद्रावर सभासद मोबाइलचे शेवटचे चार अंक सांगतात, आम्ही त्यावरून खातं शोधतो. मोबाइलच्या रकान्यावर इंडेक्स आहे, तरी शोध सावकाश होतो. इंडेक्स खराब झाला असेल का?

उत्तर : इंडेक्स चांगला आहे, पण तो सुरुवातीपासून लावलेला आहे. शब्दकोशात 'क'नं सुरू होणारे शब्द पटकन सापडतात. 'र'नं संपणारे शोधायचे तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं चाळावी लागतात. तुमच्या क्वेरीत 'लाइक'च्या अटीत टक्क्याचं चिन्ह (म्हणजे 'इथे काहीही चालेल') आधी आणि अंक नंतर असणार, म्हणून दर वेळी सगळे सभासद वाचले जातात.

पोस्टग्रेस असेल तर शेवटच्या चार अंकांवरच इंडेक्स करा. 'राइट' फंक्शनला मोबाइल आणि ४ देऊन जे येतं त्याच्यावर इंडेक्स बांधता येतो. क्वेरीतही अट हुबेहूब तशीच लिहा : 'राइट' मोबाइल, ४ बरोबर सभासदानं सांगितलेले अंक. 'लाइक' तसंच ठेवलंत तर हा इंडेक्स वापरला जाणार नाही. मोबाइलचा रकाना टेक्स्ट हवा. तो संख्येचा असेल तर आधी बदलून घ्या, आणि शोधाचे अंकही टेक्स्ट म्हणूनच पाठवा, म्हणजे ००४२ चं ४२ होणार नाही. एकाच चार अंकांचे दोन-तीन सभासद निघतीलच, तेव्हा यादीत नावासोबत गावही दाखवा.